मागच्या सीटवर, डाव्या बाजूला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून मी फारसं काही लपवलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही. दोनतीनदा प्रयत्न करून पाहिला. ऐन वेळी मी हवापाण्याचं बोललो.

गोष्ट एका जुन्या गाडीची आहे. म्हणजे — सुरुवात तिथून आहे.

नागपूरला, महाल भागात माझा फोटो स्टुडिओ होता. खाली दुकान, वर आम्ही. सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. लग्नाच्या ऑर्डरी उमरेड, काटोल, भंडाऱ्यापर्यंतच्या यायच्या. कॅमेरा, दिवे, स्टँड, बॅटरी — सगळं एसटीच्या टपावर चढवायचं, आणि उतरताना काय फुटलं ते पाहायचं. एकदा भंडाऱ्याला पोचलो तर मंगलाष्टकं होऊन गेलेली. मुलीच्या बापाने भर मांडवात मला जे ऐकवलं ते परतताना सगळ्या वाटेत कानात वाजत होतं. त्या दिवशी ठरवलं, गाडी घ्यायची. नवी गाडी माझ्यासारख्याने मनात आणायची सोय नव्हती. जुनीच. पण जुनी म्हणजे रस्त्यात दगा न देणारी, कारण घेतल्यावर दुरुस्तीला माझ्या हातात काही उरणार नव्हतं.

वर्षभर मी गाड्या पाहिल्या. पाहून पाहून नजर बसली. इंजिन थंड असतानाच गाडी पाहायला जावं. मालकाने आधीच चालू करून तापवून ठेवली असेल तर समजावं, सकाळी ती सुरू व्हायला रडते. सायलेन्सरमधून निळसर धूर आला की ऑईल जळतंय. पायाखालचं चटईसारखं रबर उचलून गंज पाहावा. दाराच्या फटीत बोट घालून आतला रंग बाहेरच्या रंगाशी जुळतो का पाहावं; जुळला नाही तर गाडी कुठेतरी ठोकलेली. माणसांचे चेहरे वाचायची माझ्या धंद्यात सवयच होती. मालकाचा चेहरा आणि गाडीचा पत्रा — दोन्ही पाहायचो. बहुतेक वेळा दोन्ही खोटं बोलत.

लकडगंजातल्या गणपतरावांची गाडी खोटं बोलली नाही.

गणपतराव लाकडाचे व्यापारी. आरा मशीनच्या मागे घर, अंगणात नेहमी सागाच्या भुशाचा वास. दोघं भाऊ, ते थोरले आणि शंकरराव धाकटे. धंद्यात मंदी होती आणि भावाभावात वाटणीचं बोलणं चालू होतं, म्हणून गाडी काढायची होती. काळी गाडी, चार दारांची. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. धूर नाही, गंज नाही, दार लागताना पेटीचं झाकण लागावं तसा भरीव आवाज. सेमिनरी हिल्सच्या चढावर नेली तर कुरकुरली नाही. मला घाम फुटला. इतकी चांगली गाडी माझ्या ऐपतीत बसणार नाही हे मला तिथेच कळलं.

गणपतरावांच्या बायकोने चहा आणला. सरूकाकू. बुटकीशी, गोरी, कपाळावर मोठं कुंकू. "घ्या गा, उन्हाचे आले," म्हणाली, आणि चहा घेतल्यावर बळेच मुरमुऱ्याचा चिवडा दिला. तो चिवडा मी खाल्ला, हे मुद्दाम सांगतो. मी तिच्या हातचं खाऊन मग ते केलं.

काय केलं?

आमच्या धंद्यात एक काम असं असे, ज्याची पाटी कुणी लावत नाही. घरात कोणी गेलं की फोटोवाल्याला बोलावत. जिवंतपणी ज्या बाईचा एकही फोटो निघाला नाही तिचा तेव्हा निघे. मी ते काम नीट करत असे. हळू आवाजात बोलायचो, मान सरळ करायची असली तर घरच्यांची परवानगी घ्यायचो. त्यामुळे मरणाबद्दल मी काही सांगितलं तर लोक ते खरं मानत.

गाडी पाहून बाहेर पडलो तर समोरच्या चहाच्या टपरीवर एक ठेकेदार बसले होते, वर्ध्याचे. माझ्यानंतर गाडी पाहायला तेच जाणार होते. अंगठ्या घातलेला, भरल्या खिशाचा माणूस. त्यांनी सहज विचारलं, कशी वाटली गाडी? आणि मी — मी ठरवून आलो नव्हतो, खरंच नव्हतो. पण हे सांगून उपयोग काय? मी आवाज खाली आणला. म्हटलं, गाडी उत्तम आहे, पण मी घेणार नाही. त्यांची मंडळी त्याच गाडीत गेली. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला. धंतोलीला दवाखान्यात नेत होते. शेवटचा फोटो मीच काढला. मान खिडकीकडे कललेली होती, सरळ केली तर पुन्हा कलायची.

जिच्या हातच्या चिवड्याचं तिखट माझ्या जिभेवर होतं, त्या बाईचं मी असं बोललो.

ठेकेदार गाडी न पाहताच गेले. मला वाटलं, संपलं. एक खोटं, एका माणसाशी, एका टपरीवर. पण त्या महिन्यात गणपतरावांच्या अंगणात गिऱ्हाईकच येईना. आलं तर पत्र्याला हात लावायच्या आधी मागच्या सीटकडे पाही आणि निघून जाई. शेवटी त्यांनी मला निरोप पाठवला. मी सांगितलेल्या किमतीत गाडी माझी झाली. किल्ली देताना ते एवढंच म्हणाले, "काहून कोण जाणे, लोकं भेऊन राहिले या गाडीले."

गाडीने मला कधी दगा दिला नाही. हे नीट ऐका — कधीही नाही. पुढे जे झालं त्यात गाडीचा काही दोष नव्हता.

पण ते बोलणं माझ्याकडे परत यायला लागलं. कामठीच्या एका लग्नात आचारी मला सांगू लागला की लकडगंजात एक बाई गाडीत गेली, तिने पाणी मागितलं होतं, आणि कोणी दिलं नाही. पाणी? पाण्याचं मी काही बोललो नव्हतो. उमरेडला एकाने सांगितलं, तिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं. मी रंग सांगितला नव्हता. मग दुकानात एक म्हातारी आली, नातीचा फोटो काढायला. माझ्या काचेच्या कपाटाकडे पाहत म्हणाली, "तो फोटो काढून टाकला का गा? त्या लकडगंजवालीचा. मागच्या महिन्यात इथंच पाह्यला मी. मान अशी वाकडी होती." आणि तिने मान वाकडी करून दाखवली.

कपाटात नवरानवरींचे, बाळांचे, पदवीच्या झग्यातल्या पोरांचे फोटो होते. दुसरं काही कधीच नव्हतं. ती गेल्यावर मी कपाट उघडून एकेक फोटो उचलला आणि त्याच्या मागे पाहिलं. का पाहिलं? मला ठाऊक होतं ना की असा फोटो नाही?

बायकोच्या कानावरही आलंच. ती डाव्या बाजूला बसेना. पोराला मांडीवर घेऊन उजवीकडे चिकटून बसायची आणि मधे पिशवी ठेवायची. मी तिला एका वाक्यात मोकळं करू शकलो असतो. अगं, ते मीच उठवलंय. नाही बोललो. मग मलाही आरशात पाहायची सवय लागली. रिकाम्या सीटवर पाहायचो. तिथे कधीच काही दिसलं नाही. तरी दर वेळी पाहायचो.

गाडीचं जादाचं चाक गणपतरावांकडे राहिलं होतं. ते आणायला गेलो तेव्हा काकू दारात होती. हसत म्हणाली, "ऐकलं का? मी मेली म्हणते लोकं. तुमसरची आतेबहीण पांढरं नेसून आली रडत रडत, अन् मीच तिले पाणी देल्लं. तिनं तो पेला हातात घेतलाच नाही, गा." आणि पुन्हा हसली. मीही हसलो.

पुढे पुढे ती हसेनाशी झाली. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या, पण कुंकू लावताना हात आखडायच्या. गल्लीतली पोरं तिच्या पायांकडे पाहायची — पंजे सरळ आहेत की उलटे. एकदा मी गाडीतून जाताना पाहिलं, ती उंबऱ्यावर बसली होती, लुगडं घोट्याच्या वर घेऊन, दोन्ही पाय पुढे केलेले. भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. समोर कोणीच नव्हतं, तरी ती पाय दाखवत होती. मी गाडी थांबवली नाही.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, बाबा रे, मूर्खपणा झाला, जीभ घसरली. खरं सांगू? एवढंच असतं तर मी हे केव्हाच सांगून टाकलं असतं. लोकांना हसत हसत सांगितलं असतं. एवढंच नाही.

गणपतराव एके दिवशी स्टुडिओत आले. बसले. त्यांच्या कानावर आलं होतं की ही आवई कोण्या फोटोवाल्याच्या तोंडून निघाली. त्यांनी मला विचारलं, पण माझ्यावर संशय घेऊन नाही. ते म्हणाले, "तुमचं नाव वापरलं कोणीतरी. गाडी कोणाले विकली जाऊ नये, म्हणून. शंकर आला होता का तुमच्याकडं?"

शंकरराव आले होते. पासपोर्ट साईजचे फोटो काढायला, गाडीचं गिऱ्हाईक बंद झालं त्याच सुमारास. गाडीबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. कॉलर नीट आहे का, एवढंच विचारलं होतं.

मी म्हणालो, "आले होते, काकाजी. गाडीचं विचारून राहिले होते."

बस. एवढंच वाक्य. मी ते हळू आवाजात बोललो — ज्या आवाजात मरणघरी बोलायचो त्या. गणपतरावांनी मान हलवली. त्यांचा चेहरा मी वाचला. आत काहीतरी बंद झालं, आणि ते मी बंद केलं.

शंकरराव त्या घरात कसे वाढले ते मला माहीत होतं. आई लहानपणीच गेलेली. सरूकाकू लग्न होऊन आली तेव्हा ते शाळेतही जात नव्हते. तिनेच त्यांना न्हाऊ घातलं, भरवलं. ते तिला वहिनी म्हणत, पण हाक आईला मारावी तशी. त्या आठवड्यात गणपतरावांनी आरा मशीन आणि अंगण यांच्या मधे पत्र्याची भिंत घातली. शंकरराव भिंतीपलीकडून विचारत राहिले — काय झालं, दादा?

पुढचा उन्हाळा. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी रस्ते ओस पडतात. डांबर मऊ होतं, गरम वारा भिंतींना घासत जातो, आणि भर उजेडात असं वाटतं की शहरात माणूसच राहिलं नाही. अशा दुपारी गणपतरावांचा माणूस धावत आला. काकूच्या छातीत दुखतंय, रिक्षा मिळत नाही, गाडी घेऊन या.

मी गेलो. ताबडतोब गेलो. एवढं एक तरी.

गणपतराव तिला धरून बाहेर आले. मी घाईने उजवीकडचं दार उघडलं. उजवीकडचंच. ती थांबली. गाडीला मागून वळसा घालून, पत्र्यावर हात टेकत, डाव्या बाजूला गेली आणि स्वतः दार उघडून बसली. तिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं.

मी गाडी हाकली. इतवारीतून, कॉटन मार्केटवरून. कुठेही माणूस नाही. गणपतराव तिच्याशेजारी बसून एकसारखे "आलं, आलं, धंतोली आलीच" म्हणत होते. आरशात मला ती दिसत होती. इतके महिने मी त्या आरशात जे पाहत होतो ते आज दिसत होतं. तिचे डोळे उघडे होते, आणि ते आरशातून माझ्याकडे पाहत होते.

मग ती बोलली. आवाज साधा होता, चहा देतानाचा.

"तुमी काढला होता ना माझा फोटो? मले दाखवला नाही कधी."

गणपतराव म्हणाले, "तिले भान नाही. बडबडून राहिली."

मी रस्त्याकडे पाहिलं.

"पाणी आहे का गा?" ती म्हणाली. गाडीत पाणी नव्हतं. नागपूरच्या मे महिन्यात, पाण्याशिवाय, मी गाडी काढली होती.

दवाखान्याच्या फाटकात वळलो तेव्हा तिची मान खिडकीकडे कलली. डॉक्टर बाहेर आले, मनगट धरलं, आणि ते हळूच तिच्या मांडीवर ठेवून दिलं.

संध्याकाळी घरी गणपतराव मला म्हणाले, फोटो काढा. तुमच्याच हातचा राहू द्या. मी स्टँड लावला. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घातलं, आणि मागच्या काचेवर ती उलटी दिसली. मान सरळ करायची परवानगी विचारली. घरातल्या एका म्हातारीने सरळ केली. पुन्हा कलली.

तेवढ्यात फाटकाशी आवाज झाला. शंकरराव आले होते. अनवाणी. गणपतराव उठले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "जिनं तुले भरवलं तिले तू जिवंतपणी मारलं. इथं पाय ठेवू नको."

शंकररावांना कळलंच नाही. ते खरंच नुसते पाहत राहिले, परकी भाषा ऐकल्यासारखे. "दादा, काय केलं मी? मले एकदा सांग तरी काय केलं." सांगू शकणारा एकच माणूस तिथे होता, आणि त्याचं डोकं काळ्या कापडाखाली होतं. मी ते बाहेर काढलं नाही. आत गरम होत होतं, श्वास कोंडत होता, तरी शंकररावांची पावलं दूर जाईपर्यंत मी तिथेच राहिलो. मग बटण दाबलं.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली तो कागद मी औषधाच्या पाण्यात सोडला तेव्हा चित्र हळूहळू वर आलं. आधी केस, मग कुंकू, मग कललेली मान. मला ते नवं वाटलं नाही. कुठे काय उमटणार ते उमटायच्या आधी मला माहीत होतं. मी टपरीवर सांगितला होता तोच हा फोटो. आधी सांगितला, नंतर काढला.

गाडी पुढे बरीच वर्षं चालली. विकली तेव्हा घेणाऱ्याच्या बायकोने विचारलं, हिच्यात काही वाईट तर झालं नाही ना? मी म्हणालो, नाही हो, काहीच नाही.

शंकरराव एकदा स्टुडिओत आले होते. वहिनीच्या फोटोची एक प्रत हवी होती. मी दिली. पाकिटातून काढून त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "दादाच्या मनात कोणी भरवलं असंन गा? तुमी तर जाता त्याच्याकडं. तुमाले काही बोलला का?"

"नाही," मी म्हणालो. "ते त्या विषयावर बोलत नाहीत."

मी खरंच जात होतो गणपतरावांकडे. दर आठवड्याला. लोकांना वाटे, काय माया आहे. ते एकटे पडले होते, मूलबाळ नव्हतं, भिंतीपलीकडे भाऊ होता आणि मधे पत्रा. मी का जात होतो? सांगायला जात होतो, असं मी स्वतःला सांगत असे. आता वाटतं, पहारा करायला जात होतो. दोघं भाऊ कधी बोललेच, तर मी सांगितलेलं ते एक वाक्य उघडं पडलं असतं.

शंकरराव आधी गेले. मी त्या दुपारी गणपतरावांच्या ओसरीवर बसलो होतो. पत्र्यापलीकडे बायकांचा आवाज फुटला, आणि मग त्यांचा पुतण्या आला. फाटकाबाहेरूनच म्हणाला, "मोठे बाबा, आमचे बाबा गेले. शेवटपर्यंत विचारून राहिले होते, मी काय केलं म्हणून." आणि निघून गेला.

गणपतराव उठले. काठी घेतली. चपला पायात घातल्या, एक उलटी पडली होती ती पायाने सरळ केली. फाटकापर्यंत गेले. तिथे थांबले आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मी सांगेन तसं ते करणार होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पत्र्यापलीकडच्या त्या घरात मुलगा होता, सून होती. कोणीतरी म्हणालं असतं, बाबांनी कधी गाडीचं नावही काढलं नव्हतं हो.

मी म्हणालो, "ऊन फार आहे, काकाजी."

ते फाटकाशी जरा उभे राहिले. मग परत येऊन खाटेवर बसले. पत्र्यापलीकडून तिरडी निघाली, गल्लीच्या टोकापर्यंत आवाज ऐकू आला, मग थांबला. मी त्यांना पाणी आणून दिलं. गणपतराव ते प्यायले.